फॉर्म्युला लिहा, व्हॅल्यू टाका, पुढे चला!

फ्लुइड मेकॅनिक्सच्या तासाला बर्नोलीचं समीकरण (वाहत्या द्रवाचा दाब, वेग आणि उंची यांचं नातं) फळ्यावर लिहिलं, भोवती चौकट मारली आणि लगेच गणितं सुरू. अरे, पण ते चालतं कुठे ते सांगा ना आधी! प्रवाह स्थिर हवा, घनता बदलायला नको, घर्षण नगण्य हवं, दोन्ही पॉइंट एकाच स्ट्रीमलाइनवर (प्रवाहाच्या रेषेवर) हवेत, मधे पंप नको. एवढ्या अटी, आणि त्या आमच्या वाट्याला येतात ‘असम्प्शन्स लिहा’ या दोन मार्कांच्या प्रश्नापुरत्या. पुढच्याच धड्यात लांबलचक पाइपासाठी तेच समीकरण वापरायचं आणि शेवटी हेड लॉस, म्हणजे घर्षणात गेलेली ऊर्जा, चिकटवायचा. का, तर लिहून घ्या.

आणि पाइपातलं घर्षण सांगणाऱ्या त्या फ्रिक्शन फॅक्टरने, म्हणजे ‘एफ’ने, तर डोकं उठवलंय. एका पुस्तकात लॅमिनार (शांत, थराथरांच्या) फ्लोसाठी एफ म्हणजे 64 भागिले रेनॉल्ड्स नंबर (प्रवाहातलं जडत्व आणि चिकटपणा यांचं गुणोत्तर), दुसऱ्यात 16 भागिले रेनॉल्ड्स नंबर. एक डार्सीचा, एक फॅनिंगचा, अक्षर मात्र तेच! हेड लॉसच्या सूत्रात 4 आहे की नाही त्यावरून आपण ओळखायचं. मूडी चार्टवरून (एफ वाचायच्या आलेखावरून) डार्सीचा एफ काढला आणि फॅनिंगच्या सूत्रात टाकला की उत्तर थेट चौपट. पेपरात नुसतं ‘एफ = 0.02’ छापतात. कुठला एफ? एक शब्द जास्त छापला तर काय बिघडतं?

लॅबमध्ये तरी काही दिसेल म्हणावं, तर रेनॉल्ड्सच्या उपकरणातली रंगाची नळी चोंदलेली. काचेच्या नळीतून रंगाचा सरळ धागा जातो, वेग वाढवला की तो थरथरतो आणि मग विस्कटून सगळीकडे पसरतो, हे डोळ्यांनी बघण्यासारखं आहे हो! आम्ही काय केलं? जुन्या जर्नलमधून रीडिंग उतरवली. वर ‘2300 पाठ करा’, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर त्यापुढे गेला की लॅमिनार प्रवाह मोडतो म्हणे. पाणी पुरेसं शांत ठेवलं तर लॅमिनार प्रवाह त्याच्या कितीतरी पुढे टिकतो, हे खुद्द रेनॉल्ड्सने 1883 साली दाखवलंय. हे कुणी का सांगत नाही?

बाउंड्री लेयरला, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागालगतच्या प्रवाहाच्या थराला, तर एक लेक्चर, तेही घाईघाईत. श्यानता (द्रवाचा चिकटपणा) सोडून दिली की गणित म्हणतं, वाहत्या पाण्यातल्या वस्तूवर ओढच नाही. अठराव्या शतकात डालाँबेर हा फ्रेंच गणिती तिथेच अडकला होता. पृष्ठभागालगतच्या पातळ थरात श्यानता सोडून चालत नाही, हे जर्मन शास्त्रज्ञ प्रान्टलने 1904 साली मांडलं तेव्हा कोडं सुटायला लागलं. अख्ख्या विषयातला सगळ्यात भारी भाग हा, आणि तो ‘डेरिव्हेशन येणार नाही’ म्हणून गुंडाळायचा.

मग व्हायव्हाला तेच सर विचारतात, ‘फिजिकल सिग्निफिकन्स सांग.’ वर्षभर वर्गात एकदा तरी काढला होता का हा विषय?