हेडफोनवर मिक्सिंग: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घरात रेकॉर्ड केलेल्या भजनाचं मिक्सिंग, म्हणजे गळा आणि वाद्यं यांचे आवाज कमी-जास्त करून एकत्र बसवणं, कसं करावं यावर मी लिहिलं होतं. मृदंगाचा धुमा, म्हणजे डाव्या हाताची खर्जाची बाजू, किती ठेवायचा ते हेडफोनवर ठरवा, असं त्यात होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. काल रात्रीच उत्तर लिहायला बसलो होतो, पण रागात लिहिलेलं नंतर आपल्यालाच नको होतं, म्हणून थांबलो.

आधी तुमचं जे बरोबर आहे ते. चित्रात झांज आहे आणि खाली मी टाळ लिहिलं होतं. चूक माझी. दुरुस्त केली.

आता तुमचं वाक्य, जसंच्या तसं: "हेडफोनवर मिक्स करणाऱ्यांनी दुसऱ्याला शिकवायच्या भानगडीत पडू नये." पटलं नसेल तर पटलं नाही म्हणा, कारण सांगा. 'भानगडीत पडू नये' ही काय बोलायची रीत झाली? हे वाचणाऱ्यांत सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतून पैसे बाजूला काढून एक माइक आणि इंटरफेस (माइक संगणकाला जोडायची डबी) घेतलेली पोरं आहेत. तुमचं वाक्य वाचून त्यांनी काय समजायचं? भारी स्पीकर नाहीत म्हणून आपल्या गावचं भजन रेकॉर्डच करायचं नाही?

माझी खोली लातूर जिल्ह्यातल्या एका गावात, दहा बाय बाराची, वर पत्रा. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. त्या हिशेबानं 10 फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत 56 हर्ट्झच्या (सेकंदाला 56 कंपनांच्या) आसपासचा खालचा सूर अडकून घुमतो, 12 फुटांत 47 च्या आसपासचा, आणि त्यांच्या दुपटीला पुन्हा तेच. मृदंगाच्या धुम्याचा घुमारा बराचसा याच पट्ट्यात असतो. भिंतीला पाठ लावून बसलात तर तो फुगून ऐकू येतो, खोलीच्या मधोमध बसलात तर 47 आणि 56 जवळजवळ गायब. भिंतींना वाकळा टांगल्या की टाळाची किणकिण आवरते, टाळी वाजवल्यावर येणारा झणझणाट जातो. पण 56 हर्ट्झची लाट 20 फूट लांब असते, तिला वाकळ काय अडवणार? हेडफोन कानावर असला की खोली मध्ये येतच नाही. मी एवढंच लिहिलं होतं, की धुमा हेडफोनवर ठरवा.

आणि हे मी कुठं वाचून सांगत नाही. पुण्यात एका स्टुडिओत तीन वर्षं केबल गुंडाळण्यापासून कामं केली, मग गावी आलो. पहिलं भजन मिक्स केलं ते स्पीकरवरच, आणि जागा नव्हती म्हणून भिंतीला खुर्ची लावून. धुमा सारखा फुगलेला वाटायचा. कापत गेलो, कापत गेलो, सहा डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) कापला. सप्ताहात मंडपातल्या भोंग्यावर नाही, चांगल्या मोठ्या स्पीकरवर ते लावलं. मृदंगाला बसलेले आबा शेजारीच उभे होते. रेकॉर्डिंगच्या दिवशी पंखा बंद, वर पत्रा तापलेला, धुम्याची कणीक सारखी वाळायची आणि ते दर अभंगाला पाण्याचं बोट लावून ती परत मळायचे. ऐकून ते मला म्हणाले, "माझा उजवाच हात वाजतोय रे. डावा कुठं गेला?" त्या माणसाला मी काय उत्तर देणार होतो? दुसऱ्या दिवशी हेडफोन घेतला. तेव्हापासून धुम्याला मी स्पीकरवर हात लावत नाही, आणि तुम्ही काहीही म्हणालात तरी लावणार नाही.

हेडफोनचे तोटे मी लपवलेले नाहीत. डावं फक्त डाव्या कानात आणि उजवं फक्त उजव्या कानात जातं, त्यामुळं दोन बाजूंना टाकलेले टाळ फार फाकलेले वाटतात आणि रिव्हर्बचा, म्हणजे आवाजामागं राहणाऱ्या घुमण्याचा, अंदाज चुकतो. म्हणूनच शेवटी सगळं मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, साध्या स्पीकरवर, हळू आवाजात ऐका, असं त्या पोस्टच्या शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

पेटीचा 300 ते 500 हर्ट्झचा भाग कमी केल्यानं भजनाचा जीव जातो, असं तुम्ही म्हणता. मी दोन-तीन डीबी कमी करा म्हटलं होतं, गायकाचे शब्द पेटीखाली दबू नयेत म्हणून. ती पोस्ट परत वाचा. मोबाइलवर धुमा ऐकू येत नाही, हा तुमचा शेवटचा मुद्दा. मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरला तितकं खालचं वाजवताच येत नाही, त्यात माझ्या मिक्सिंगचा दोष काढू नका. त्यावर आणखी लिहीत बसणार नाही.

वाद घालायचाच असेल तर तुमच्या खोलीची लांबी-रुंदी लिहा, स्पीकर भिंतीपासून किती फुटांवर ठेवलेत आणि तुम्ही कुठं बसता तेही लिहा. मग बोलू.