मांजराचा वशिला

इंग्लंडमध्ये मुलीनं जनावरांची डॉक्टर व्हायचं ठरवलं, की आईबापांना सगळ्यात आधी जनावरं शोधावी लागतात. आमच्याकडे एकही नाही. आम्ही राहतो मिल्टन कीन्सला. या गावाच्या गायी देशभर प्रसिद्ध आहेत, पण त्या काँक्रीटच्या. १९७८ साली एका शिल्पकार बाईंनी त्या घडवल्या. त्यांना ना लाळ्या-खुरकूत होत, ना त्या कधी व्यायच्या. त्यामुळे अनुभवाच्या रकान्यात त्यांचा उपयोग शून्य.

मार्क लागतात ते वेगळेच. ए-लेव्हलला, म्हणजे इथल्या बारावीला, बायोलॉजी, केमिस्ट्री आणि आणखी एक विषय, आणि बहुतेक ठिकाणी तिन्हीत ए. त्याची आम्हाला धास्ती नव्हती. मराठी घरात मार्कांची तजवीज बारशापासून सुरू असते. पण पशुवैद्यकीच्या कॉलेजांना वर हेही बघायचं असतं, की या पोरीनं कधी गोठा झाडलाय का, लीद उपसलीय का, दवाखान्यात कुत्र्याचं ऑपरेशन बघताना ती उभी राहिली का आडवी झाली.

मग दवाखान्यांना फोन. एकीकडे म्हणाले, अठरा पूर्ण नसतील तर आमच्या विम्यात बसत नाही. दुसरीकडे म्हणाले, यादीत नाव घालतो, पुढच्या जुलैत बघू. तिसरीकडच्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, “तुमचं जनावर आमच्याकडे नोंदवलेलं आहे का? आमच्या पेशंटांच्या घरच्या मुलांना आम्ही आधी घेतो.” कॉलेजच्या ॲडमिशनपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळे वशिले ऐकून माहीत होते, मांजराचा वशिला कमी पडल्याची वेळ पहिल्यांदाच आली. मी ऑनलाइन मांजरं बघायला लागलो, तेव्हा बायकोनं लॅपटॉप मिटला.

खरं सांगायचं तर ही परीक्षा अर्धी मुलांची आणि अर्धी गाडी चालवणाऱ्यांची आहे. ज्याचा मामा वेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर आहे किंवा काकाच्या शंभर मेंढ्या आहेत, तो घरबसल्या अनुभवी. बाकीच्यांनी नकाशा उघडायचा. शेतं असतात तिथं बस जात नाही, आणि जाते तिथं ती पहाटे पाचला जात नाही.

शेवटी नॉर्थहॅम्प्टनशरमधल्या एका मेंढपाळानं होकार दिला. इथं मेंढ्या व्यायचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे बरोबर तो काळ, जेव्हा माणसानं रजईतून बाहेर पडू नये. पहिल्या दिवशी मी पोरीला सोडून गाडीतच चहाचा थर्मास उघडला होता. काचेवर टकटक झाली. म्हातारबा म्हणाले, “वडील ना? हात रिकामे दिसतायत.”

शेडमध्ये पेंढ्यावर एक मेंढी आडवी पडून दात खात होती. आधी दोन इवलेसे खूर दिसले, त्यांच्यावर टेकवलेलं नाक, आणि मग एकदम सगळं कोकरूच पिवळ्या चिकट आवरणासकट बाहेर घसरलं. श्वास घेईना. म्हातारबांनी पेंढ्याची एक काडी उचलली आणि त्याच्या नाकपुडीत सारली. कोकरू शिंकलं, डोकं झटकलं आणि लगेच ओरडायला लागलं. आमच्या कन्येनं नाळेला आयोडीन लावलं, त्याला मेंढीच्या तोंडाशी सरकवलं. मेंढी चाटायला लागली. मागोमाग दुसरं आलं, आणि सगळ्यांना वाटलं संपलं, तेव्हा तिसरं.

तिसरं आलं की पंचाईत असते, कारण मेंढीला सड दोनच. तिसऱ्याला मग बाटली, नाहीतर सावत्र आई. एकच कोकरू झालेल्या मेंढीचं व्यायच्या वेळचं पाणी या परक्या पोराला चोळायचं आणि तिच्यापुढे ठेवायचं. तिला वासानं वाटतं, हेही आपलंच. हा सगळा कारभार बघेपर्यंत तिसरं माझ्या मांडीवर होतं, बाटलीतला चीक ओढत होतं आणि ओढता ओढता माझ्या जॅकेटावर मोकळं होत होतं. म्हातारबांनी आई आणि पोरांच्या अंगावर स्प्रेनं एकच नंबर मारला, चुकामूक नको म्हणून. मला मारला नाही एवढंच.

रात्री आईला फोनवर हे सगळं सांगितलं. आई परळची. ती म्हणाली, “म्हणजे आपल्या बैलघोडा हॉस्पिटलातलं काम?” म्हटलं, तेच. “मग लंडनला कशाला गेलात? ते आपल्या घरामागेच होतं.” तिचं चूक नव्हतं. मुंबईचं पशुवैद्यकीय कॉलेज १८८६ सालापासून त्याच आवारात आहे. चिकाचं ऐकल्यावर मात्र ती खरी अस्वस्थ झाली. “उरलेला टाकून देतात? खरवस नाही करत?” मेंढीच्या चिकाचा खरवस होतो का, हे म्हातारबांना विचारायचं तिनं मला दोनदा बजावलं.

ऑक्टोबर जवळ आला तसे अर्जाचे वेध लागले. यूकॅसच्या, म्हणजे सगळ्या विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेच्या, फॉर्मवर जागा पाच असतात, पण पशुवैद्यकीसाठी त्यातल्या चारच वापरायच्या. पाचवीत दुसरा काहीतरी कोर्स घालायचा, म्हणजे सगळीकडून नकार आला तर रडायला जागा. बाकी देश जानेवारीपर्यंत निवांत असतो. डॉक्टर, दातांचे डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजवाले यांना १५ ऑक्टोबर, संध्याकाळचे सहा.

त्यातलं आत्मनिवेदन म्हणजे चार हजार अक्षरं, मोकळ्या जागा धरून. पूर्वी सलग निबंध असायचा, २०२६च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केलेत. त्यात एक वाक्य लिहायचं नाही असं शाळेनं बजावलेलं: ‘मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे.’ सगळेच लिहितात म्हणे. म्हणजे ज्या कारणासाठी हा खटाटोप, तेवढंच सोडून बाकी सगळं सांगायचं. जोडीला असावं म्हणून तिनं म्हातारबांकडून एक पत्रही आणलं. मेहनती, रक्ताला न घाबरणारी, आणि ‘एकदाही उशिरा आली नाही’. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. मी तेव्हा डिकीतला पेंढा झाडत होतो.

मग मुलाखतीची तयारी. हल्ली एका खोलीत बसवून विचारत नाहीत, एका टेबलाकडून दुसऱ्याकडे पळवतात. काही मिनिटं झाली की घंटा, पुढचं टेबल. एका ठिकाणी औषधाच्या डोसचं गणित, दुसरीकडे गायींना टीबी देतात म्हणून बॅजर नावाची बिळात राहणारी रानटी जनावरं मारावीत का, तिसरीकडे रडणारा गिऱ्हाईक. घरी तो रडणारा गिऱ्हाईक मी. जेवताना मला सांगण्यात आलं, की माझा चौदा वर्षांचा कुत्रा वाचणार नाही. मी भात कालवता कालवता इतका मनापासून गहिवरलो, की बायकोनं विचारलं, “आपला कुत्रा होता कधी?” चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या श्वासाचे हाल हा विषय मात्र फार तयार करू नये. शेजाऱ्यांकडे फ्रेंच बुलडॉग आहे आणि कन्येचा आवाज कुंपणापलीकडे जातो.

आता एका ठिकाणाहून होकार आलाय, तीन ए मिळाले तर. निकाल ऑगस्टमध्ये. आईला कळवलं. तिनं पाच वर्षं, फी, हॉस्टेल सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मुद्द्याचं विचारलं, “नावापुढे डॉक्टर लागेल ना?” म्हटलं, लागेल. इथं वेट नुसते मिस्टर नाहीतर मिस असायचे, २०१५पासून त्यांनाही डॉक्टर लावायची मुभा आहे.

“मग झालं तर,” आई म्हणाली. “कोणाची डॉक्टर, ते बिल्डिंगमध्ये कोणी विचारल्याशिवाय मी सांगणार नाही.”