लाकडी स्टेअरिंग: फळीतून रिंग का कापत नाही, आणि नवीन लाकूड म्हणजे खोटं का नाही

नमस्कार काका (रिटायर झाल्याचं तुम्हीच लिहिलंय म्हणून काका म्हणतोय, चालेल ना?). जॅग्वार ई-टाइप या साठच्या दशकातल्या इंग्लिश स्पोर्ट्स कारच्या स्टेअरिंगवरचं कुजलेलं लाकूड आम्ही बदललं, त्यावर मी जे लिहिलं त्याखालची तुमची कमेंट नीट वाचली, आणि दोन ओळींत धन्यवाद म्हणून सोडून देण्यासारखी ती नाहीये, म्हणून सविस्तर लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. काकांचं म्हणणं असं की साठ वर्षं जुनं लाकूड उतरवून नवीन चढवलं की गाडीचा तेवढा भाग खोटा झाला. दुसरं, घरचं सागवान आणि शिसम असताना परदेशी महोगनी कशाला. आणि तिसरं, त्यांच्या ओळखीचा सुतार सीएनसीवर (कॉम्प्युटरने चालणाऱ्या कापायच्या मशीनवर) एका फळीतून अख्खी रिंग दोन तासांत कापून देतो, मग तुम्ही एवढे दिवस आणि एवढे पैसे कसले घेता.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकी दोन्हींवर माणसांचं मत वेगळं असू शकतं पण हा जिवाशी आहे.

फळीतून गोल कापला की लाकडाचे रेषे सरळच राहतात, रिंग मात्र वळत जाते. म्हणजे दोन बाजूंना रेषे रिंगच्या सोबत धावतात आणि उरलेल्या दोन बाजूंना रिंगला आडवे पडतात, आणि आडव्या रेष्यांवर लाकूड अगदी कमजोर असतं, लांबीच्या दिशेने जेवढा ताण घेतं त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही घेत नाही. पॉवर स्टेअरिंग नसलेली जड गाडी पार्किंगमधून काढताना माणूस दोन्ही हातांनी रिंगवर अक्षरशः लटकतो, तेव्हा ती तुटली तर नेमकी त्या आडव्या जागी तुटणार, आणि तुटलेल्या लाकडाचं टोक कसं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय पावसाळा आहेच. मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला ओलावा ८० टक्क्यांच्या वर असतो, लाकूड रेष्याच्या लांबीत जवळजवळ फुगत नाही पण आडवं फुगतं, त्यामुळे १६ इंची रिंग एका फळीतून कापली आणि लाकडाने तो ओलावा पूर्ण घेतला तर ती एका दिशेने चारेक मिलीमीटर वाढेल आणि दुसऱ्या दिशेने काहीच नाही, म्हणजे गोल राहणारच नाही. आत अ‍ॅल्युमिनियमची रिंग असेल तर ती लंबगोल व्हायला तयार नसते, मग लाकूडच फाटतं.

म्हणून तुकडे जोडून रिंग करायची. आम्ही १२ तुकडे घेतो, प्रत्येक ३० अंशांचा, म्हणजे तुकड्याच्या टोकाला रेषा रिंगच्या दिशेपासून फार तर १५ अंश हटतो. आठच तुकडे घेतले तर हाच कोन साडेबावीस होतो, तेही चालतं, पण एवढी मेहनत करायचीच तर मला बारा बरे वाटतात. अशा दोन रिंगा करायच्या, एक वरची एक खालची, दोन्हींच्या आतल्या तोंडाला राऊटरने (खाचा पाडायच्या मशीनने) अर्धी-अर्धी खाच पाडायची आणि मध्ये मूळ अ‍ॅल्युमिनियम बसवून दाबायचं. खालचे सांधे वरच्या सांध्यांच्या खाली येऊ द्यायचे नाहीत, भिंतीत विटा जशा सांधा मोडून रचतात तसं. सीएनसीला माझा अजिबात विरोध नाही काका, खाच पाडायला ते मशीन हातापेक्षा चांगलंच आहे, तुमच्या सुताराने त्याच मशीनवर तुकड्यांची रिंग लावली तर मी स्वतः त्याच्याकडे काम देईन.

वेळ खरा जातो तो चिकटवण्यात आणि वाळवण्यात. उन्हात उभ्या गाडीत स्टेअरिंग सहज ४० अंशांनी तापतं. १६ इंची रिंगचा घेर साधारण सव्वा मीटर, तेवढ्या तापण्याने अ‍ॅल्युमिनियम घेरात मिलीमीटरभर वाढतं आणि लाकूड रेष्याच्या दिशेने पाव मिलीमीटरही नाही. आता हे दोघं एकमेकांना चिकटलेत. ग्लू काचेसारखा कडक असेल तर दोन-चार उन्हाळ्यांत सुटतो, फर्निचरचा पांढरा ग्लू असेल तर गरमीत मऊ पडून सांधे सरकतात, जुना सरस असेल तर पावसाळ्यात ओल धरतो. म्हणून थोडं लवचिक राहणारं इपॉक्सीच (दोन भाग मिसळून घट्ट होणारा ग्लू) लागतं, आणि ते घाई न करता सुकू द्यावं लागतं. त्याच्याही आधी अ‍ॅल्युमिनियम साफ करायचं. आपल्या खाऱ्या हवेत लाकडाच्या आत त्यावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि दोन अर्ध्या भागांना आतून ढकलते. समुद्राजवळ वाढलेल्या गाड्यांची रिम बरोब्बर जोडावरच उघडलेली असते त्याचं एक मोठं कारण हेच. ती भुकटी तशीच ठेवून वरून नवीन लाकूड चढवलं तर तोच आजार परत. (पैशांचा हिशोब इथे लिहीत नाही, पण जास्तीत जास्त पैसे याच वेळाचे आहेत, लाकडाचे नाहीत.)

आता लाकूड. महोगनी मूळची बाहेरची हे खरंय, पण झाड आता आपल्याकडेही लावतात, केरळात आहे, महाराष्ट्रातही शेतकरी लावायला लागलेत, त्यामुळे परदेशी म्हणून नाक मुरडायचं कारण मला दिसत नाही. इटलीच्या नार्दीपासून इंग्लंडच्या मोटोलिटापर्यंत, स्टेअरिंग बनवणाऱ्या कंपन्यांची पन्नास-साठच्या दशकातली बरीच नावाजलेली स्टेअरिंगं महोगनीची, आणि ते उगाच नव्हतं, लाकूड हलकं, ओलाव्याने कमी फुगणारं-आकसणारं, ग्लू छान धरणारं, कानशीने बोटांच्या खाचा काढताना चिरत नाही. सागवान मला मनापासून आवडतं. रिडेव्हलपमेंटला गेलेल्या चाळींचं जुनं बर्मा टीक रे रोडच्या वखारींत बघितलं की हात लावल्याशिवाय पुढे जाववत नाही. पण सागात तेल असतं, चिकटवायच्या अगदी आधी सांधा अ‍ॅसिटोनने पुसला नाही तर ग्लू धरत नाही, आणि आतल्या सिलिकामुळे राऊटरचं बिट पटकन बोथट होतं. शिसम त्याहून जड आणि तेलकट, त्यावर पॉलिश वाळताना त्रास देतं, आणि २०१७ पासून शिसमच्या सगळ्या जाती साइट्सच्या (दुर्मिळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहेत त्यामुळे गाडी कधी बाहेर पाठवायची तर कागदपत्रांची भानगड. कोणाला हौसेने सागवानी स्टेअरिंग हवं असेल तर मी आनंदाने करतो. पण जिथे आधी महोगनी होती तिथे सागाला रंग मारून महोगनी म्हणायचं, हे मला पटत नाही.

आणि इथूनच तुमच्या पहिल्या मुद्द्यावर येतो, जो मला सगळ्यात जास्त लागला, कारण ती भीती माझीही आहे. बाजारात खोटेपणा चालतो. नवीन रिम करायची, चहाच्या पाण्याने आणि घासून जुनी दाखवायची, वर एखाद्या प्रसिद्ध कंपनीचा शिक्का मारायचा आणि १९६२ चं ओरिजिनल म्हणून विकायचं. याला मी फसवणूक म्हणतो, आणि असं काम मागायला आलेल्यांना आम्ही परत पाठवलंय. पण ई-टाइपच्या त्या स्टेअरिंगमध्ये काय झालं ते बघा. स्पोक (रिंगला मध्याशी जोडणारे दांडे) मूळ, अ‍ॅल्युमिनियमची रिंग मूळ, हब (मधला भाग) मूळ. लाकूड तीन ठिकाणी उघडलेलं, एका ठिकाणी आतून भुसा झालेला. ते तसंच ठेवून गाडी फक्त काचेत ठेवायची असती तर मीच म्हणालो असतो की हात लावू नका. पण मालक ती चालवतात, आणि हातात धरायची वस्तू कुजलेली ठेवून मी त्यांना रस्त्यावर पाठवू शकत नाही. जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेचा, फीवाचा, ट्यूरिन चार्टर (जतनाची सनद) आहे, त्यातही हेच म्हटलंय की मूळ भाग जमेल तेवढा वाचवा आणि बदलला तर तो बदललेला आहे हे कायमच्या खुणेने कळू द्या. आम्ही खालच्या अर्ध्या रिंगच्या आतल्या बाजूला आमची खूण आणि वर्ष डागतो. उतरवलेलं लाकूड, अगदी भुसा झालेल्या तुकड्यासकट, पिशवीत भरून मालकाला परत देतो आणि सांगतो की गाडी विकली तर ही पिशवी पण द्या. जाडीसुद्धा जुन्या लाकडाच्या मापानेच ठेवतो. आजकाल लोकांना हात भरेल अशी जाड रिम हवी असते, पण त्या काळची रिम बारीक होती आणि घेर मोठा होता, कारण पॉवर स्टेअरिंग नसताना जोर त्या मोठ्या घेरातूनच मिळायचा.

एका गोष्टीत मात्र नवीन पद्धत घेतो, पॉलिशमध्ये. फ्रेंच पॉलिश दिसतं सुंदर, पण ते लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळणारं, घामाच्या आणि सॅनिटायझर लावलेल्या हातांखाली टिकत नाही. म्हणून दोन भागांचं पीयू (पॉलियुरेथेन) मारतो, पातळ कोट, मध्ये घासून. याला कोणी अशुद्ध म्हणालं तर म्हणू दे, ओलावा लाकडात शिरणं लांबवणारा थर तोच आहे.

शेवटी तुम्ही विचारलंय की तुमच्या डुक्कर फियाटचं (जुन्या फियाट ११०० चं) स्टेअरिंग स्पोकपाशी तडकलंय, मग तेही फेकून लाकडी लावू का. नका लावू काका. त्या गाडीला कारखान्यातून प्लास्टिकचंच होतं आणि ते दुरुस्त होतं. आत लोखंडी सळी असते, वरचं प्लास्टिक वर्षानुवर्षं आकसत जातं, सळी आकसत नाही, म्हणून चिरा पडतात. चीर आधी व्ही आकारात सळीपर्यंत उघडा, सळीवरचा गंज खरवडून काढा, दोन भागांची इपॉक्सी पुट्टी थोडी वर फुगेल अशी भरा, पूर्ण कडक झाल्यावर पॉलिश पेपरने घासून गोलाई जुळवा, मग प्रायमर आणि मूळ शेडचा रंग. चीर नुसती वरून बुजवलीत तर सहा महिन्यांत परत दिसेल, सळीपर्यंत जाणं चुकवू नका. सळीच गंजून बारीक झालेली दिसली तर पुट्टी भरू नका, आधी फोटो पाठवा.