‘दुसरं काही बघायलाच मिळत नव्हतं म्हणून’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, अमळनेरला जाऊन पाहिलेल्या ‘माहेरची साडी’ या चित्रपटावर मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, पहिल्यांदा शाळेच्या मधल्या सुट्टीत आणि दुसऱ्यांदा रात्री सगळं आवरल्यावर. दुसऱ्यांदा वाचूनही राग कमी झाला नाही, म्हणून खाली दोन ओळींत न उरकता इथे सविस्तर लिहिते आहे. तुम्ही नाव दिलेलं नाही, फक्त ‘एक रसिक’ लिहिलं आहे, म्हणून मीही रसिकच म्हणते.

इतरांना कळावं म्हणून तुमची प्रतिक्रिया इथे देते: “समीक्षकांनी नाकारलेला चित्रपट आवडतो हे अभिमानाने सांगण्यासारखं काय आहे? खेड्यातल्या अडाणी बायकांना दुसरं काही बघायलाच मिळत नव्हतं म्हणून त्या रडल्या. असल्या चित्रपटांनी बायकांना सोसायला शिकवलं आणि मराठी सिनेमा मागे नेला. तुम्ही दिलेलं वर्षही चूक आहे. ताई, जरा चांगलं बघायला शिका.”

आधी वर्ष. ते तुमचं बरोबर आहे. मी १९९०ची आखाजी लिहिली होती आणि चित्रपटच १९९१चा आहे. भावाला फोन करून विचारलं. तो म्हणाला, त्याची दहावीची परीक्षा संपली होती, म्हणजे १९९२चा वैशाख. मी तेव्हा आठवीत होते. चूक माझी आहे आणि ती मान्य करायला मला कमीपणा वाटत नाही.

पण ज्या माणसाला वर्षाची चूक एवढी बारकाईने दिसते, त्याला ‘अडाणी बायका’ लिहिताना हात आखडावासा वाटत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. आणि एका दमात अडाणी म्हणून शेवटी ‘ताई’ म्हणायचं, ही कुठली रीत? आमच्याकडे ताई म्हटलं की त्या नात्याने बोलावं लागतं. तुम्हाला माझं लिहिणं बालिश वाटलं असेल तर तसं सरळ म्हणायचं होतं. मी इथे सहा वर्षं लिहिते आहे, यापेक्षा कडू ऐकलं आहे. पण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून माझ्याबरोबर तो चित्रपट बघायला आलेल्या सतरा बायकांपैकी एकीलाही तुम्ही ओळखत नाही. मी सगळ्यांना ओळखत होते.

‘दुसरं काही बघायलाच मिळत नव्हतं.’ या एका वाक्यावर मला बोलायचं आहे.

काय मिळत नव्हतं? आमचं गाव अमळनेर तालुक्यातलं, बोरी नदीच्या काठचं. १९८७ साली रामायण सुरू झालं तेव्हा गावात तीन टीव्ही होते, त्यातला एक आमच्या समोरच्या आबांच्या ओट्यावर रविवारी सकाळी बाहेर काढून ठेवत. पुढे महाभारतही तिथेच पाहिलं. गणपतीत गावातली पोरं वर्गणी काढून अमळनेरहून व्हीसीआर आणत आणि रात्रभर तीन-तीन हिंदी चित्रपट चालत. वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा बोरीच्या वाळवंटात भरते, तिथे पाळण्यांपासून तमाशापर्यंत सगळं असायचं. कानबाई या आमच्या खानदेशातल्या देवीच्या रात्री गाणी व्हायची, जागरण व्हायचं, ‘वही’ नावाची लोकगीतं गाणारे यायचे. कीर्तनं तर बारा महिने. त्या बायकांनी आयुष्यभरात जेवढं ऐकलं आणि पाहिलं, तेवढं तुमच्या-माझ्यासारख्यांनी ऐकलं असेल की नाही, मला शंका आहे.

आणि त्या सगळं गोड मानून घेत होत्या असंही नाही. माझी मोठी माय, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, कानबाईच्या गाण्यात कोणी एक कडवं गाळलं तर तिथेच थांबवून पुन्हा म्हणायला लावायची. एकदा बाहेरगावच्या एका बुवांचं कीर्तन रंगेना, तर ती मध्येच उठली आणि तिच्यामागे बायकांची अख्खी रांग उठली. व्हीसीआरवर एखादा चित्रपट आवडला नाही तर बायका घरी जाऊन झोपायच्या, पोरं एकटी बसायची. यांना दुसरं मिळत नव्हतं म्हणून या कशावरही रडल्या, असं ज्याला वाटतं त्याने आमच्या गावच्या ओट्यावर एक संध्याकाळ काढलेली नाही.

आता त्या दिवसाचं. मूळ लेखात मी हे थोडक्यात लिहिलं होतं, कारण ते घरातलं होतं. तुमच्या वाक्यामुळे आज पूर्ण लिहिते.

खानदेशात आखाजी काय असते हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. तुम्ही इतरत्र ज्याला अक्षय्य तृतीया म्हणता, तो आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण आहे. भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला न्यायला जातो. दारात झोके बांधतात, गौराई बसवतात, घरात सांजोऱ्या आणि आमरस असतो. दिवाळीला लेक आली नाही तर चालतं, आखाजीला आली नाही तर गल्लीत विचारतात. झोक्यावरच्या गाण्यांत निम्मी गाणी माहेराची असतात. बहिणाबाई चौधरी आमच्या आसोद्याच्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईंच्या तोंडून माहेरच्या वाटेबद्दल जे निघालं, ते १९५२ साली पुस्तकात आलं आणि सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. हाच विषय पडद्यावर आला की मात्र तो ‘रडगाणं’ होतो.

माझ्या आईला १९८३पासून कोणी मुऱ्हाळी आला नव्हता. लग्नातल्या देण्याघेण्यावरून माझ्या आजोबांचं आणि मामांचं बिनसलं होतं, त्यात कोणाची किती चूक होती ते आता उकरण्यात अर्थ नाही. नऊ आखाज्या आई आमच्याच दारातल्या झोक्यावर इतरांच्या लेकींना झोके देत होती. घरात रडायची सोय नव्हती. सणाच्या दिवशी बाईच्या डोळ्यांत पाणी दिसलं की आजोबा विचारायचे, “कोन मरनं?” कोण मेलं? म्हणून ती धुराचं निमित्त करायची, कांद्याचं करायची. हे मी लहानपणापासून पाहिलं आहे.

त्या वर्षी गल्लीतल्या कोणीतरी ट्रॅक्टर काढला आणि बायका यात्रेला निघाल्या. देवदर्शन झालं, आणि दुपारच्या खेळाला सगळ्या थिएटरात शिरल्या. भाऊ बरोबर होता, म्हणून घरच्यांनी सोडलं होतं. अलका कुबल पडद्यावर आली तेव्हा बायका चुळबुळत होत्या, पोरांना शेंगा वाटत होत्या. मध्यंतरापर्यंत हळूहळू आवाज थांबला. नंतर मी आईकडे पाहिलं. ती रडत होती, पदर न लावता, समोर बघत. मी घाबरून तिचा हात ओढला. ती म्हणाली, “बठ वं. आठे कोनी इचारत नही, कसाले रडस म्हनीसन.” इथे कोणी विचारत नाही, का रडतेस म्हणून.

हे वाक्य मी बत्तीस-तेहतीस वर्षं मनात ठेवलं आहे. समीक्षकांना तो चित्रपट कसा वाटला यावर मी मूळ लेखात एक शब्दही लिहिलेला नव्हता. पुढे कॉलेजात असताना ग्रंथालयात जुनी परीक्षणं वाचली. रडका, भडक, ठोकळेबाज असं त्यांत होतं. खोटं नव्हतं ते. मीही आज पाहिला तर अनेक ठिकाणी मला ते जाणवतं, पार्श्वसंगीत तर कानाला त्रास देतं. पण तुम्हाला काय वाटतं, हे त्या बायकांना तेव्हा कळलं नव्हतं?

परत येताना बराच वेळ ट्रॉलीत कोणी बोललं नाही. मग मोठी मायच बोलली. उषा नाडकर्णींच्या सासूबद्दल ती म्हणाली, “एवढी आरडस का कोनी सासू? खरी सासू ते हयूच बोलस.” खरी सासू हळूच बोलते. आणि मग सगळ्या ट्रॉलीभर चर्चा सुरू झाली, कुठे पटलं, कुठे नाही, कोणतं गाणं बरं, कोणतं उगाच. तुमच्या समीक्षकांनी भडकपणाबद्दल जे स्तंभभर लिहिलं, ते माझ्या सही न येणाऱ्या मोठ्या मायने दोन वाक्यांत सांगितलं होतं, आणि तासाभरापूर्वी ती स्वतः ओक्साबोक्शी रडली होती. चित्रपटातलं खोटं कुठे आहे हे कळूनही त्यातल्या खऱ्यावर रडता येतं, हे तिला ठाऊक होतं. तुम्ही तिला अडाणी म्हणता.

‘चांगलं बघायला शिका’ याचं उत्तर द्यावं की नाही, विचार केला. देते. मी प्रताप कॉलेजातून मराठी घेऊन एम.ए. केलं, चोवीस वर्षं मराठी शिकवते आहे. ‘पथेर पांचाली’ पाहिला आहे, त्यातली म्हातारी इंदिर बघून मला आमच्या घरातली एक आत्या आठवते. ‘श्वास’ आला तेव्हा जळगावला जाऊन पाहिला, राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा वर्गात पेढे वाटले. स्मिता पाटील यांचं घराणं आमच्या शिरपूरचं, त्यामुळे ‘उंबरठा’बद्दल तर आम्हाला घरच्यासारखं वाटतं. यातलं काही आवडलं म्हणून ते दुसरं आवडायचं बंद होत नाही. एकच माणूस सकाळी कळण्याची भाकरी खातो आणि सणाला मांडेही खातो, त्याला कोणी विचारत नाही की तुझी जीभ नक्की कोणती.

‘शोले’चं उदाहरण मी मुद्दाम देत नव्हते, ते फार वापरून झालं आहे. पण ‘समीक्षकांनी नाकारलेला’ हे तुम्ही शिक्क्यासारखं वापरलंत म्हणून आठवण देते. ऑगस्ट १९७५मध्ये तो आला तेव्हा पहिली परीक्षणं फार वाईट होती, आणि मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षं चालला. तिकिटं खपली म्हणून चित्रपट चांगला, असं माझं म्हणणं नाही. गल्ल्याच्या आड मी लपणार नाही. परीक्षण हे एका माणसाने एका आठवड्यात दिलेलं मत असतं, एवढंच.

रडकेपणाचा तर आमच्या अमळनेरला जुनाच अनुभव आहे. साने गुरुजी इथल्याच शाळेत शिकवत, छात्रालयातल्या मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहून काढत. त्यांच्या लिखाणालाही लोकांनी रडकं, भाबडं म्हटलं, आजही म्हणतात. नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली ‘श्यामची आई’ वाचून माझ्या वर्गातली मुलं अजून डोळे पुसतात. याच डोळे भरून येणाऱ्या माणसाने १९४७च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून दहा दिवस उपोषण केलं आणि ते खुलं झालं. हा चित्रपट त्या तोलाचा आहे, असं मी म्हणत नाही, उगाच ते शब्द माझ्या तोंडी घालू नका. रडवतं म्हणजे हलकं, हे मला शिकवू नका, एवढंच सांगते आहे.

बायकांना सोसायला शिकवलं, सिनेमा मागे गेला, या तुमच्या मुद्द्यांवर पुष्कळ विद्वानांनी लिहिलं आहे. मी त्यात शिरत नाही, माझा लेख त्यावर नव्हता. एकच प्रसंग सांगते. ‘उंबरठा’ नंतर कधीतरी टीव्हीवर लागला होता. घर सोडून नोकरीला जाणारी सुलभा आईने शेवटपर्यंत पाहिली. मी तेव्हा कॉलेजात होते, मोठ्या उत्साहाने विचारलं, कसा वाटला? आई म्हणाली, “चांगला शे. तिले जावाले जागा व्हती.” तिला जायला जागा होती. आईला कोणत्याही चित्रपटाने सोसायला शिकवलं नव्हतं. ते त्याआधीच झालेलं होतं.

त्या वैशाखानंतर पुढच्या आखाजीला मामा आले. चित्रपटामुळे आले असं मी म्हणणार नाही, आजोबा थकले होते, मध्यस्थी झाली होती. पण आईने निरोप स्वतः पाठवला होता, आणि तो तिने यात्रेहून आल्यावर आठ दिवसांत पाठवला होता. हे मला भावाने परवा त्या फोनवर सांगितलं. मलाही माहीत नव्हतं. तुमच्या त्या वर्षाच्या दुरुस्तीमुळे हे कळलं, त्याबद्दल मनापासून आभार मानते.

लेखात १९९०च्या जागी १९९२ केलं आहे. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. आईला मात्र ती वाचून दाखवताना ‘अडाणी’ हा शब्द मी गाळला. तुम्हीही तो तिथून काढावा, अशी माझी विनंती आहे.