बॅटरीचा उजेड तोंडाशी गोल, भिंतीवर चौकोनी: 'प्रकाश सरळच जातो' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. नावाच्या जागी तुम्ही नुसतं 'एक वाचक' लिहिलंय म्हणून नावाने हाक मारता येत नाही, राग मानू नका. मला मात्र पहिल्यांदा वाचताना जरा आलाच होता, खोटं कशाला बोलू.

ज्यांनी वरची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी: मी पोस्टमध्ये लिहिलं होतं की बॅटरीचा झोत लांब जाता जाता आकार बदलतो. यांचं म्हणणं, प्रकाश सरळ रेषेत जातो हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे, तेव्हा डाग मोठा होईल पण आकार कसा बदलेल, आणि वेगवेगळ्या अंतरांवर उजेड किती उतरतो याचे माझे मोबाईलवर मोजलेले आकडे 'अंतर दुप्पट तर उजेड चौथाई' या नियमात बसत नाहीत म्हणजे ते मी बसल्या जागी ठोकून दिलेत.

आधी माझी चूक. 'उजेड पुढे जाऊन वळतो' असं एक वाक्य मी खरंच लिहिलं होतं, ते साफ चुकीचं, वळत बिळत काही नाही, काढून टाकलंय. पण आकार बदलतो हे मागे घेणार नाही, कारण ते मी डोळ्यांनी बघितलंय.

चवथीला गोव्यात सावईवेऱ्याला घरी होतो, आरत्या आटपल्या आणि लाईट गेली. भाच्याकडे जत्रेत घेतलेली झूमवाली बॅटरी, ती तोंड पुढेमागे सरकवायची असते ना, तसली. तोंड पुढे ओढून त्याने समोरच्या भिंतीवर मारली, पाचेक मीटर असेल, तर भिंतीवर चौकोन! चांगला वीतभर, आणि नीट बघितलं तर आत बारीक रेघासुद्धा. तो चौकोन म्हणजे आतली एलईडीची चिप, उजेड देणारा चौकोनी तुकडा. असते जेमतेम १ मिलिमीटरची, पण भिंग चिपपासून अडीच सेंटिमीटरवर आणि भिंत ५ मीटरवर, म्हणजे २०० पट, झाले २० सेंटिमीटर. मग तीच बॅटरी, काही न सरकवता, तोंडाला कागद लावून बघितली तर कागदावर भिंगाएवढा गोल. मधे फक्त अंतर बदललं, दुसरं काही नाही.

आता तुमचं 'सरळ रेषेत' बरोबरच आहे, फक्त तुम्ही सगळा उजेड एकाच ठिपक्यातून निघतो असं धरून चाललाय. भिंगाच्या प्रत्येक कणातून चिपचा अख्खा चौकोन आपापला बाहेर पडत असतो, असे हजारो बारीक झोत शेजारी शेजारी. तोंडाशी ते अजून एकमेकांवर चढलेले नसतात, तिथे दिसतो भिंगाचा आकार. लांब गेल्यावर सगळे एकमेकांवर पडतात आणि उरतो चिपचा आकार. भिंगाऐवजी वाटीसारखा रिफ्लेक्टर, म्हणजे उजेड पुढे परतवणारा आरसा, असला तरी गोष्ट तीच. बाबांची जुनी तीन सेलची स्टीलची बॅटरी हातभर अंतरावर भिंतीवर मारली की मधोमध काळपट भोक आणि भोवती कडी दिसायची, कारण वाटीच्या मधे बल्बसाठी भोक, तिथून उजेड परततच नाही. वीस पावलं मागे गेलं की भोक गायब, आजूबाजूच्या झोतांनी भरून काढलेलं.

पटत नसेल तर हे करा. बॅटरीच्या अर्ध्या तोंडावर तळहात धरा. भिंतीला चिकटून मारली तर अर्धा चंद्र दिसेल, बरोबर? आता मागे मागे जा. लांबच्या भिंतीवर मधला डाग परत अख्खा दिसतो, फक्त फिका. रिफ्लेक्टरवाली असेल तर बाजूचा अंधुक घेर तेवढा अर्धा कापलेला राहील, कारण तो थेट बल्बमधून येतो, वाटीतून नाही. भाच्याने हे दहा वेळा करून घेतलं आणि शेवटी आईने बॅटरी काढून घेतली, सेल संपतील म्हणून.

आकड्यांचं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली मांडलेला तो नियम, अंतर दुप्पट तर उजेड चौथाई, हा ठिपक्यातून फाकणाऱ्या उजेडाचा आहे. माझ्या बॅटरीचं ५ मीटर ते १० मीटर बघा, जवळपास चौथाईच आलंय. अर्धा मीटर ते एक मीटरमध्ये निम्मासुद्धा उतरला नाही हा तुमचा आक्षेप, पण तिथे झोत अजून जुळतच होते हो, उतरणार कसा! म्हणून तर कंपन्यासुद्धा तोंडाशी मोजत नाहीत, एएनएसआय एफएल १ नावाच्या बॅटऱ्यांच्या मानकात २, १० किंवा ३० मीटरवर मोजून हिशेब मांडतात.

तुम्ही शेवटी विचारलंय की खोक्यावर २०० मीटर लिहिलेली बॅटरी तुमच्या कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, टोकालासुद्धा का पोचत नाही. ती फसवणूक असेलच असं नाही. त्याच मानकात पल्ला म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उरतो ते अंतर, साधारण पुनवेच्या चांदण्याएवढा. तेवढ्यात २०० मीटरवरची पोफळ ओळखू येईल होय? निम्म्या अंतरावर, १०० मीटरवर, १ लक्स मिळतो, माझ्या मते कामाचा पल्ला तिथेच संपतो. आणि पावसात धुकं उतरलं की तोही नाही, सगळा झोत पांढऱ्या खांबासारखा आपल्याच डोळ्यात येतो, तेव्हा बॅटरी कमरेखाली धरायची.

खरं तर कुळागरात फिरायला एवढा लांबचा झोत हवाच कशाला? फुरसं पायाशी असतं, पोफळीच्या शेंड्यावर नाही. झूमवाली असेल तर तोंड मागे ढकला, घेर रुंद होतो, मग व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेने चला. आणि त्या चौकोनाचा फोटो नीट आला तर इथे टाका, माझ्या मोबाईलवर नुसता पांढरा डाग येतोय.