पाहा : रोल नंबर 23

मी सचिव झालो तो बटाटेवड्यामुळे. 12 ऑगस्टला, म्हणजे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीला, आमच्या ग्रंथालयशास्त्राच्या कॉलेजात दरवर्षी प्रतिमापूजन, एक व्याख्यान आणि वडा-चहा असा कार्यक्रम असतो. त्या वर्षी व्याख्यान आणि वडा यांच्या मध्ये माजी विद्यार्थी संघाच्या कार्यकारिणीची निवड आहे, हे पत्रिकेत खाली बारीक टायपात छापलं होतं. माझं लक्ष वड्यावर असल्यामुळे मी थेट त्या वेळेचा अंदाज धरून पोचलो. दारात पाऊल टाकलं आणि टाळ्या झाल्या. मला वाटलं, व्याख्यान संपलं. टाळ्या माझ्यासाठी होत्या.

"तुम्ही नव्हता म्हणून एकमत झालं," अध्यक्ष सर प्रेमाने म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात वड्याऐवजी इतिवृत्ताची वही दिली.

मी सुटकेचा एक प्रयत्न केला, तोही रंगनाथनांच्याच आधाराने. 1924 साली रंगनाथन मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले तेव्हा ते मुळात गणिताचे प्राध्यापक. काही दिवसांतच ते त्या रिकाम्या, शांत ग्रंथालयाला इतके कंटाळले की आपल्याला परत गणित शिकवायला पाठवा म्हणून आपल्या जुन्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. तोडगा असा निघाला की आधी लंडनला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, तरीही नकोसं वाटलं तर खुशाल परत या. ही गोष्ट मी अध्यक्षांना सांगितली आणि मलाही अशीच परतीची सोय ठेवावी, असं सुचवलं.

"ठेवू की," ते म्हणाले. "आधी लंडनला जाऊन या."

हा संघ मुळात का आहे, हे सांगायला हवं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तेव्हाच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला वेगळी जागा होती आणि तुमचा माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत आहे का, असा सरळ प्रश्न होता. तो प्रश्न आमच्या कॉलेजला पडला, कॉलेजने तो कॅन्टीनमध्ये बसलेल्या सात माजी विद्यार्थ्यांना विचारला आणि त्यातून संघ जन्माला आला. 1860च्या संस्था नोंदणी कायद्याला सातच माणसं लागतात. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये सहाजण असते तर आज माझे रविवार माझे असते.

नोंदणी झाली की माणसाला वाटतं, झालं. पण महाराष्ट्रात संस्था म्हटली की ती धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरीही जाते आणि पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. आमच्याकडे पदाधिकारी बदलतात, रिपोर्ट बदलत नाही. माझ्या आधीच्या दोन कार्यकारिण्यांचे चेंज रिपोर्ट दिलेच गेले नव्हते, त्यामुळे सरकारदरबारी अजून ते कॅन्टीनमधले सातजणच विश्वस्त आहेत. त्यातले एक आता बंगळुरूला नातवंडं सांभाळतात. मी फोन केला तेव्हा ते म्हणाले, "अहो, मी त्या दिवशी नुसता डोसा खायला आलो होतो."

कार्यकारिणीत आम्ही कागदावर अकराजण, सभेला चार. बाकीचे सात फक्त इतिवृत्तात हजर असतात. सभेच्या नोटिशीत आमचं सर्वात लाडकं वाक्य शेवटी येतं : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीचे बंधन राहणार नाही. सगळ्या सार्वजनिक जीवनाचा डोलारा या वाक्यावर उभा आहे, असं माझं मत झालंय. आम्ही अकराला जमतो, सव्वाअकराला सभा तहकूब करतो, अर्धा तास डबे उघडतो आणि पावणेबाराला तीच चार माणसं कायदेशीर होतात.

ती चार माणसं अशी. अध्यक्ष सर, निवृत्त ग्रंथपाल. हे कशालाही बोधांक, म्हणजे पुस्तकावर विषयानुसार घालतात तो आकडा, लावतात. कांदेपोहे आले की "641.5" म्हणतात आणि भुताटकीचा विषय निघाला की "133.1". उपाध्यक्ष तरुण आहेत, त्यांना जगातल्या प्रत्येक दुखण्यावर कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवायचं असतं. मग कोषाध्यक्ष मॅडम, शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या ग्रंथपाल, माझ्याहून सात-आठ वर्षांनी ज्येष्ठ. त्या हिशोबाला इतक्या पक्क्या की वीस रुपयांच्या चहाची पावती नसेल तर तो चहा आम्ही प्यायलोच नाही असं धरतात. पण तहकुबीच्या अर्ध्या तासात त्यांच्या डब्यातून शेंगदाण्याचा लाडू निघतो आणि तो बिनपावतीचा असतो. चौथा मी.

पहिल्याच सभेत ठरलं की सर्व माजी विद्यार्थ्यांची सूची करायची. काम साधं. कॉलेजकडे जुनी मस्टर्स होती, साडेअकराशेच्या आसपास नावं. आणि आम्ही कोण? साठ हजार पुस्तकांतून एक पुस्तक डोळे झाकून काढून देणारी माणसं. सूची म्हणजे तर आमचा रोजचा भात. मी म्हणालो, महिन्याभरात होईल.

नाव कोणत्या घटकाखाली नोंदवायचं, या एका मुद्द्यावर चार सभा गेल्या.

हे ग्रंथपालांचं खास दुखणं आहे. सामान्य माणूस नाव लिहून मोकळा होतो. आम्हाला आधी नोंदघटक ठरवावा लागतो. अध्यक्ष म्हणाले, आडनावाखाली. उपाध्यक्ष म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये कुठूनही शोधता येतं, त्यामुळे प्रश्नच उरत नाही. यावर अध्यक्षांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिचा बोधांक मला माहीत नाही. मग खरी पंचाईत पुढे आली. आमच्या अभ्यासक्रमाला मुली नेहमीच जास्त. मस्टरमध्ये त्या माहेरच्या आडनावाने. लग्न झालं की आडनाव बदललं, मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं आणि कित्येकींचं तर पहिलं नावसुद्धा गेलं. ताटात तांदूळ पसरायचे, त्यात अंगठीने नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. ग्रंथालयशास्त्राच्या दृष्टीने पाहिलं तर हा भीषण प्रकार आहे. एका कर्त्याच्या नोंदीतले तिन्ही घटक एका दुपारी बदलायचे आणि जुन्या नावाखाली, नव्या नावाकडे बोट दाखवणारी 'पाहा' नोंद ठेवायची नाही! लग्नात भटजींच्या शेजारी एक तालिकाकार, म्हणजे सूची करणारा, बसवला पाहिजे.

अध्यक्षांचं म्हणणं, जे नाव आज प्रचलित तेच घ्यावं. कोषाध्यक्ष मॅडम कडाडल्या, "प्रमाणपत्रावर जे नाव, तेच नाव. बाई शिकली ती त्या नावाने." अध्यक्ष म्हणाले, नावं बदलतातच, खुद्द दशांश वर्गीकरणाचा जनक मेल्विल ड्यूई याने स्वतःच्या नावातली जादा अक्षरं कापली होती आणि मध्ये काही काळ तो आडनावही 'डीयूआय' एवढंच लिहीत होता. मॅडम म्हणाल्या, "त्याने स्वतः कापली. इथे सासरा कापतो." सभा पुन्हा तहकूब झाली, या वेळी गणपूर्ती असताना. लाडू मात्र निघाला.

शेवटी दोन्ही नावांखाली नोंद करायची असा तह झाला. आता दोन्ही नावं माहीत हवीत, आणि त्यासाठी माणूस सापडायला हवा. इथून पुढे जे झालं ते साठा पडताळणीसारखं, म्हणजे नोंदवहीतली पुस्तकं कपाटात आहेत का हे तपासण्यासारखं झालं. मस्टरमध्ये ज्यांची नावं होती त्यातले शेकड्याने लोक सापडेनात. आणि जे समोर हजर होते, देणगीची पावती फाडत होते, त्यातल्या कित्येकांची नावं मस्टरमध्ये सापडेनात. आमच्या कार्यकारिणीतलेच तिघे मस्टरमध्ये नव्हते. मला क्षणभर शंका आली की हे लोक आपल्याकडे शिकलेच नसावेत, नुसतेच वड्यासाठी येऊन अडकले असावेत. पण त्या तिघांत कोषाध्यक्षही होत्या आणि चेकवर त्यांची सही लागते, म्हणून ती शंका मी इतिवृत्तात घेतली नाही.

दोन वर्षांच्या फोनाफोनीनंतर साठ नावं उरली. ती आम्ही चौघांनी चिठ्ठ्या टाकून वाटून घेतली, पंधरा-पंधरा. माझ्या वाट्याला आलेल्यांत 1986-87च्या तुकडीतली रोल नंबर 23 होती.

बाकीचे चौदा सापडले. एकजण आमच्याच गल्लीत झेरॉक्सचं दुकान चालवत होता, मी त्याच्याकडूनच हरवलेल्यांच्या याद्या काढून आणत होतो. पण रोल नंबर 23 हुलकावणी देत राहिली. मस्टरमध्ये माहेरचं नाव आणि एका गावातल्या आळीचा पत्ता, बस्स. तिच्या तुकडीतल्या एकीने सांगितलं, ती मस्कतला असते. दुसरी म्हणाली, मस्कतला ती नव्हे, तिची जाऊ. तिसऱ्याने तर 'फार हुशार मुलगी होती' असं इतक्या दबलेल्या आवाजात सांगितलं की मी पुढे काही विचारलंच नाही. त्यांच्या वर्गीकरणाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत कोलनच्या, म्हणजे रंगनाथनांच्या वर्गीकरण पद्धतीच्या, पेपरला तिला सर्वाधिक गुण होते, हे मात्र सगळ्यांना आठवत होतं. कोलनचे गुण माणसं पस्तीस वर्षं विसरत नाहीत; वर्गमैत्रिणीचा नवरा कोण, हे विसरतात.

मी व्हॉट्सअॅप गटावर साठ जणांची पीडीएफ टाकली होती. तिच्यावर एकवीस अंगठे आले. पीडीएफ न उघडता अंगठा देता येतो, ही सोय ज्याने केली त्याने आमच्या संघाचं फार नुकसान केलं आहे. कोषाध्यक्ष मॅडमनी अंगठाही दिला नाही, कारण गट त्यांनी म्यूट केलेला होता. गटावर येणारी सुप्रभातची फुलं लेखापरीक्षणात बसत नाहीत, असं त्या म्हणत.

शेवटचा उपाय म्हणून आम्ही साठही पत्त्यांवर पत्रं पाठवली. 'प्रिय माजी विद्यार्थी' असा एकच मजकूर, आजीव सभासद वर्गणीची आठवण, खाली कोषाध्यक्षांची सही. साठ सह्या मॅडमनी एका बैठकीत, लाडू वाटता वाटता केल्या. पाकिटांवर पत्त्यांच्या पट्ट्या मी घरी येऊन डकवल्या. चौतीस पत्रं परत आली. त्यात रोल नंबर 23चंही होतं. त्यावर पोस्टमनने निळ्या पेनने लिहिलं होतं, 'मुलगी सासरी गेली. सबब परत.'

आमच्या सबंध शोधमोहिमेत खात्रीची माहिती एवढी एकच मिळाली, तीही पोस्टखात्याकडून.

ते पाकीट मी फाइलला लावून ठेवलं आणि चेंज रिपोर्टच्या मागे लागलो. वकिलांनी कागद मागवले. संघाच्या घटनेप्रमाणे पदाधिकारी माजी विद्यार्थी असला पाहिजे, तेव्हा प्रत्येकाच्या पदवी प्रमाणपत्राची प्रत हवी. अध्यक्षांनी स्वतःच्या प्रतीवर बोधांक घालून दिला. उपाध्यक्षांनी लिंक पाठवली. कोषाध्यक्ष मॅडमनी पुढच्या सभेत, तहकुबीच्या अर्ध्या तासात, पर्समधून चार घड्यांचा कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

मी उलगडला. वर्ष 1987. त्याखालचं नाव मी झोपेतही ओळखलं असतं.

मी नाव वाचलं. मग मॅडमकडे पाहिलं. मग पुन्हा नाव वाचलं. त्या माझ्या शेजारी, गेली दोन वर्षं दर दुसऱ्या रविवारी बसतात तशाच बसल्या होत्या आणि डब्याचं झाकण लावत होत्या.

"मॅडम," मी म्हणालो, "कोलनला सर्वाधिक गुण तुम्हाला होते?"

"होते ना. का?"

मी फाइल उघडून पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. पट्टीवरचं स्वतःचं माहेरचं नाव वाचलं, पोस्टमनचा शेरा वाचला, पाकीट फोडलं, आत स्वतःची सही पाहिली. अध्यक्ष सर उठून त्यांच्या मागे येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच काही बोधांक न बोलता गप्प राहिले. उपाध्यक्ष काहीतरी कोहाबद्दल बोलायला निघाले होते, त्यांनाही मी हाताने थांबवलं.

"दोन वर्षं शोधत होता मला?"

"मस्कतपर्यंत," मी म्हणालो.

"ती माझी जाऊ." मग त्या एकदम ग्रंथपालाच्या आवाजात मला म्हणाल्या, "काय हो सर, एक दाखल क्रमांक नोंदवहीत आहे पण पुस्तक सापडत नाही, आणि एक पुस्तक कपाटात आहे पण त्याला क्रमांक नाही. पडताळणीत असं आलं तर तुम्ही पहिल्यांदा काय पाहता? लेबल निघालंय का, तेच ना?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सूचीचं पान उघडलं आणि त्यांच्या माहेरच्या आडनावाखाली 'पाहा' लिहून पुढे त्यांचं आजचं नाव घातलं. मॅडमनी ते तपासलं, मग डबा पुन्हा उघडला आणि मला एक लाडू दिला. पाकीट मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. ते उलटसुलट करून त्या तिकिटाकडे पाहत होत्या.

"पाच रुपयांचं आहे," त्या म्हणाल्या. "हे कुठल्या सदरात टाकायचं?"