ती सोला टोपी नव्हे, कबालकच

नमस्कार. पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) छायाचित्रावर मी लिहिलेल्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. त्यातल्या सैनिकांच्या डोक्यावर कबालक, म्हणजे उस्मानी (तुर्की) सैन्याची कापडी टोपी आहे, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "कापड गुंडाळलेलं दिसलं की कबालक ठरवायचं का? ही ब्रिटिशांची साधी सोला टोपी आहे. आधी अभ्यास करा, मग लिहा." पुढे टोपीच्या रंगाबद्दल, खांद्यावरच्या पट्ट्यांबद्दल आणि छायाचित्राच्या आकाराबद्दलही तुम्ही लिहिलंत.

आकाराचं म्हणणं मान्य. छायाचित्र फारच लहान दिसत होतं. मोठी प्रत चढवली आहे.

पण "आधी अभ्यास करा" हे मात्र लागलं. माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. काचेच्या निगेटिव्ह उजेडासमोर धरून बघणं मी शाळेत जायच्या आधी शिकलो. जुन्या लष्करी छायाचित्रांचा नाद तेव्हापासूनचा. चूक दाखवा, जरूर दाखवा. पण समोरच्याला काहीच कळत नाही असं धरून बोलायचं, ही कुठली रीत? "मला सोला टोपी वाटते" एवढंच लिहिलं असतंत तर काय बिघडलं असतं?

आता कापड. सोला टोपीलाही कापड गुंडाळत, हे मला ठाऊक आहे. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात तेच लिहिलंय, तिथवर तुम्ही पोचला नसावात. सोला टोपीवरचे वळसे आडवे असतात, कडेच्या जरा वर बांधलेले. त्यावरचा घुमट मोकळा दिसतो, माथ्यावर हवा खेळण्यासाठी बटणासारखी गुंडी असते आणि कड चहूबाजूंनी पसरून मागे मानेवर जास्त उतरते. कबालकचं सगळंच वेगळं. विणलेल्या हलक्या सांगाड्यावर लांबलचक कापड गुंडाळूनच ती टोपी घडते, म्हणजे कापड हीच टोपी. घड्या थेट माथ्यापर्यंत चढतात आणि पुढे एकमेकींवर येतात. सोला टोपीसारखी पसरट कड नसते. उस्मानी सैन्यात ती तिथले युद्धमंत्री एन्वर पाशा यांच्या नावाने ओळखली जाई. 1915 मधली तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या खंदकातली मुस्तफा कमालची (पुढच्या अतातुर्कची) छायाचित्रं काढून बघा, डोक्यावर तीच आहे. मेसोपोटेमियात दोन्ही टोप्या समोरासमोर होत्या आणि लांबून बाह्याकृती सारखी दिसते, म्हणून गल्लत होते. पण आपलं छायाचित्र लांबून काढलेलं नाही!

टोपी फिकी दिसते म्हणून ती पांढरी, म्हणून ब्रिटिश, हा तर्क तर करूच नका. त्या काळातल्या छायाचित्रणाच्या बहुतेक काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि निळा भलताच उजळ उमटे. फ्रेंचांच्या 1914 च्या लाल विजारी म्हणूनच छायाचित्रांत काळपट दिसतात आणि नंतरचे फिक्या निळ्या रंगाचे गणवेश पांढुरके. अशा छायाचित्रात रंगावर नव्हे, आकारावर जायचं असतं. हे मला डार्करूममध्ये उभं राहून कळलंय, कुठे वाचून नव्हे.

खांद्यावरच्या पट्ट्यांचा मुद्दा सोडून देतो, टोपीशी त्याचा संबंध नाही.

तरीही तुमचं म्हणणं कायम असेल, तर मोठ्या प्रतीत डावीकडून दुसऱ्या सैनिकाच्या कानावर कड कुठे दिसते तेवढं सांगा. आणि सांगताना जरा नीट शब्दांत सांगा.